दुभाषा

सोहारच्या ऑगस्टात दार उघडलं की
आधी चष्म्यावर धुकं येतं, मग माणूस दिसतो.
मुबीन तांबे मला असाच उशिरा दिसला.

एका खोलीत सहाजण. त्याची खाट खिडकीखालची,
सगळ्यांना हवी असलेली.
जूनमध्ये त्यानं ती पेरियासामीला देऊन टाकली
आणि दाराजवळ भिंतीकडे तोंड करून झोपू लागला.
आम्ही म्हटलं, दिलदार आहे.
मग घड्याळ दिलं.
मग बाणकोटहून आलेली आंबापोळी, पुडा न फोडता.
आम्ही खाल्ली.

मी एसी दुरुस्त करतो. चौदा वर्षं.
यंत्र बंद पडलं तर लोक लगेच फोन करतात;
पंखा फिरतोय, दिवा लागलाय, फक्त गारवा येत नाही,
तर आठवडेच्या आठवडे रिमोट बडवत बसतात.
मुबीनला आम्ही तसंच बडवलं:
चल मासळीबाजारात, नमाज चुकवू नकोस,
अरे, पोरीचं लग्न जमलंय, हस की.
तो हसायचा.
तेच वाईट होतं.

पहाटे तीनला तो जागा असायचा.
हे मला कसं कळलं,
हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

दवाखान्यात नेलं ते पोटदुखी म्हणून.
सिस्टर शैनीनं पोट दाबलं, बीपी घेतलं,
आणि एक कागद काढला. नऊ प्रश्न.
तिची हिंदी मल्याळममधून भिजून येते.
मन उदास रहता है? मुबीन म्हणाला, नही.
उदास हा शब्द त्याच्या घरचा नव्हता,
तो सिनेमातल्या लोकांचा.
मी म्हटलं, सिस्टर, मी विचारतो.

मुबीन, जेवण गोड लागतं?
"दोन महिने नाय. माती."
जीव रमतो कशात?
"कशात रे."
अंग कसंय?
"छातीवर कुणी पाटा ठेवलाय. वरवंट्यासकट."
मी हिंदीत सांगत गेलो, ती आकडे टाकत गेली.
मातीचे तीन. पाट्याचे तीन.

नववा प्रश्न तिनं पेन खाली ठेवून विचारला.
मी त्याभोवती दोन-तीन शब्द फिरवून पाहिले,
मग सरळच विचारलं: मुबीन, मरावंसं वाटतं?
तो बुटाच्या नाडीकडे बघत म्हणाला,
"रोज नाय."
या दोन शब्दांचं हिंदी करायला
मला फार वेळ लागला.

डॉक्टर इल्हाम सुदानच्या. हळू बोलतात.
हा आजार आहे, याला नाव आहे, औषध आहे.
गोळी आजपासून; गुण यायला चार-सहा आठवडे,
तोवर मळमळेल. बरं वाटलं म्हणून सोडायची नाही.
दर आठवड्याला इथं येऊन बोलायचं.
आणि सध्या याला रात्री एकटं ठेवू नका.

"माझं इमान कमी पडलं काय?"
मी भाषांतर करायच्या आतच त्यांना कळलं.
"माझे वडील मशिदीत अजान द्यायचे," त्या म्हणाल्या,
"त्यांनाही हीच गोळी होती."

मग माझ्याकडे वळल्या. आणि तुम्ही?
मी? मी दुभाषा.
"तो तीनला जागा असतो, हे तुम्हीच सांगितलंत ना?"

तिसऱ्या आठवड्यात काहीच नाही.
चौथ्यात त्यानं नखं कापली.
सप्टेंबर संपता संपता एका रात्री
बांगड्याच्या कालवणाचा पहिला घास घेऊन ओरडला,
"मीठ कुणी घातलंय? हात मोडला होता काय?"
खोलीभर शांतता.
पेरियासामीनं, ज्यानं मीठ घातलंच नव्हतं,
दोन्ही कान पकडले.

माझा कागद खिशात आहे, चार घड्यांचा.
पाच प्रश्नांपुढे मी आकडे टाकलेत,
पुढचे चार तसेच.
गुरुवारी सुट्टी मागितली आहे.
मुबीन सोबत येतो म्हणतोय.
म्हणतो, तू गप बसायचं,
विचारायचं मी.